त्या बाजूने चावू नका

"मौनी, एक बँडमास्तर आलाय," आत्याने पडद्यातून डोकं आत घालून सांगितलं. "वेळ घेतलेली नाही. पण गाल असा सुजलाय ना… बघ बाई जरा."

मौनी म्हणजे दातांची डॉक्टर. बाहेरच्या पाटीवर तिचं नाव, पदवी, वेळा सगळं रीतसर लिहिलेलं होतं, पण घरात ती मौनीच. लहानपणी पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभं केलं की तिची दातखिळी बसायची, म्हणून वडिलांनी गमतीने ठेवलेलं नाव. आता ती तेहतीस वर्षांची होती, दवाखाना स्वतःच्या हिमतीवर चालवत होती, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. आत्या बाहेरच्या टेबलाशी बसायची. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या आणि जाता जाता पेशंटच्या घरची खबरबात काढून घ्यायची, ही तिची कामं. यातलं शेवटचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पडदा सरकला. आत आला तो बँडमास्तर नव्हता. पांढराशुभ्र गणवेश, खांद्यांवर चार-चार सोनेरी पट्ट्या, बगलेत टोपी आणि गालावर दाबून धरलेला रुमाल. एवढा उंच माणूस, पण चेहरा शाळेत पडून घरी आलेल्या मुलासारखा.

"कधीपासून दुखतंय?" तिने विचारलं.

"चार दिवस. भर समुद्रात सुरू झालं. जहाजावर डॉक्टर आहे, पण तो म्हणतो, दात माझ्या हद्दीत येत नाहीत."

"जहाजावर तुम्ही काय वाजवता?" पडद्याबाहेरून आत्या.

"मी… जहाज चालवतो," तो म्हणाला.

आत्याने पडदा जरासा सरकवून पट्ट्या पुन्हा मोजल्या. धक्क्याला लागलेलं ते सात मजली प्रवासी जहाज सकाळी दवाखान्याच्या गच्चीवरून दोघींनीही पाहिलं होतं.

"संध्याकाळी सहाला सुटतं," कप्तान म्हणाला. "दोन हजार माणसं आहेत. पाचला मला परत तिथे असायलाच हवं. तोवर तुम्ही म्हणाल ते करा. उपटा, कापा… काहीही."

"आ करा," ती म्हणाली.

आता मौनीची एक गंमत सांगायला हवी. समोरच्याचं तोंड मोकळं असलं की तिचं बंद. चार शब्द बोलायचे तर तिच्या नाकी नऊ यायचे. पण एकदा का पेशंटच्या तोंडात आरसा गेला, गालात कापसाची गुंडाळी बसली, की बाईंचा पट्टा असा सुटायचा की विचारू नका. उलट उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाशी बोलण्यात तिला फार सुख वाटायचं.

"दाढ वाचेल," ती आत डोकावत म्हणाली. "मूळ साफ करावं लागेल. इंजेक्शन देते. दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन. बहुतेक लोक मी हत्यार उचलायच्या आतच हात वर करतात. एक शिक्षक येतात, ते तर दोन्ही करतात."

कप्तानाने हात वर केला नाही. एकदाही नाही. खुर्चीचा दांडा मात्र असा धरून ठेवला की बोटांची पेरं पांढरी पडली.

"अहो, हात वर करायला बंदी नाही," ती म्हणाली. "की कप्तानाने हात वर केला तर जहाज बुडतं?"

त्याचे डोळे हसले. तोंड उघडं, जीभ बधिर, गालात कापूस… तरी नुसते डोळे हसले. मौनीला वाटलं, आणखी एकदा हसवावं. मग तिने शिक्षकांची पूर्ण गोष्ट सांगितली.

तासाभराने तो उठून बसला. गालावर हात ठेवून पाहिला, मग काढला. मग खोल श्वास सोडला.

"चार दिवसांत पहिल्यांदा वाटतंय की जगात दाढ सोडून दुसरंही काही आहे," असं म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं. नीट. खिडकीतल्या उन्हात उभी असलेली, मास्क हनुवटीखाली ओढलेली, कपाळावर केसांची एक बट चिकटलेली ती डॉक्टर.

झालं. बाईंची दातखिळी बसली.

"त्या… त्या बाजूने काही चावू नका," ती कशीबशी म्हणाली.

"किती दिवस?"

"पुढच्या वेळेपर्यंत."

"मी पंधरा दिवसांनी येतो."

"मग पंधरा दिवस."

बाहेर आत्याने त्याच्याकडून फोन नंबर मागून घेतला. समुद्रात असताना आपला फोन लागत नाही म्हणून त्याने जहाजाच्या इथल्या एजंटचा नंबर दिला. बंदरात जहाजाला पाणी, भाजी, कागदपत्रं, जे काही लागेल ते हा एजंट बघायचा. आत्याने नंबर लिहून घेतला आणि पुढे कंसात लिहिलं, बँडमास्तर.

*

पंधरा दिवसांनी तो ठरल्या वेळेला हजर झाला. सूज गेली होती आणि खाली चांगला देखणा चेहरा निघाला होता. आत्याने हे मौनीला दोनदा सांगितलं, जणू तिला डोळे नव्हते.

"मागच्या बंदरात एक नवराबायको धक्क्यावरच राहिले," खुर्चीत बसता बसता त्याने सांगितलं. "गावातल्या घड्याळाप्रमाणे आले. जहाज तासाभरापूर्वीच सुटलेलं! रोज सकाळी मी ध्वनिक्षेपकावरून ओरडून सांगतो, बाहेर फिरा, खा, प्या, पण वेळ जहाजाचीच पाळा. एखाद्या दिवसासाठी आम्ही जहाजाची घड्याळं हलवत नाही."

"म्हणजे जहाजावर किती वाजले ते तुम्ही ठरवता?"

"मी सांगेन तेवढे वाजतात."

"बरं," ती म्हणाली. "इथे मी सांगेन तेवढं तोंड उघडतं. आ करा. अजून. अजून… हं, आता कसं कप्तानासारखं."

त्या दिवशी दाढेची मुळं भरून झाली. खरं तर दाढेवर बसवायच्या टोपीचं माप तेव्हाच घेता आलं असतं. सामान हाताशी होतं, वेळ होता, बाहेर पेशंटही नव्हता. पण मौनी हात धुता धुता म्हणाली, "माप पुढच्या खेपेला घेऊ."

तो गेल्यावर आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "त्या बेकरीवाल्याचं माप तू त्याच दिवशी घेतलंस."

"त्याची दाढ वेगळी होती."

"हो ना. त्याच्या खांद्यावर पट्ट्या नव्हत्या."

*

तिसऱ्या खेपेला माप घेतलं. त्यासाठी गुलाबी लगदा भरलेला साचा तोंडात दाबून धरायचा असतो आणि तीन मिनिटं हूं की चूं करता येत नाही. मौनीसाठी अशी तीन मिनिटं म्हणजे पर्वणी.

"तुम्हाला एक सांगू?" ती साचा धरून म्हणाली. "मी समुद्रापासून पंधरा मिनिटांवर राहते, पण बोटीत पाय ठेवला की पोटात ढवळतं. एकदा बाबांबरोबर खाडी ओलांडायला गेले. दहा मिनिटांचा प्रवास. नावाड्याने निम्म्यातून परत फिरवली बोट. म्हणाला, बाई, तुम्ही जमिनीवरच छान दिसता. त्यामुळे कुणी मला म्हटलं ना, चला जगाच्या सफरीला… तर मी नाहीच म्हणणार. आधीच सांगून ठेवते. म्हणजे, कुणाला कशाला, आपलं असंच."

कप्तानाने भुवया उंचावल्या. ती लाजली आणि घड्याळाकडे बघू लागली.

साचा निघाला. तो चूळ भरून उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. टोपी या हातातून त्या हातात गेली.

"वीस वर्षं झाली समुद्रावर," तो म्हणाला. "परवा केबिनमधलं तिसरं झाड मेलं. रोपवाला म्हणतो, झाडाला एक जागा लागते… इथल्या बंदरात पायलटची जागा निघालीये."

"विमानाच्या?" पडद्याबाहेरून आत्या.

"नाही हो आत्या, बंदराचा पायलट. बाहेरून जहाज आलं की त्याच्यावर चढायचं आणि ते सांभाळून धक्क्याला आणून लावायचं. पाणी कुठे उथळ, खडक कुठे, हे इथल्या माणसालाच ठाऊक असतं ना. काम झालं की घरी. रोज घरी." मग तो मौनीकडे वळला. "माझी निवड झालीये. पुढच्या खेपेला होय की नाही ते लिहून द्यायचं. त्यानंतर जहाज थेट जगाच्या दुसऱ्या टोकाला जातं. नाही म्हटलं तर… मी काही इकडे परत येत नाही." त्याने टोपीची कड चाचपली. "डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं? काय लिहू?"

मौनीला काय वाटत होतं ते खिडकीवरच्या चिमणीलाही कळलं असतं. होय लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. खाली दोन रेघा मारा. पण समोरच्याचं तोंड मोकळं होतं, तो उत्तराची वाट बघत होता, आणि तिची जीभ टाळूला जाऊन चिकटली. गेल्या सात वर्षांत प्रत्येक पेशंटला दारापर्यंत पोचवताना जे वाक्य ती म्हणत आली, तेच आपोआप बाहेर पडलं.

"त्या बाजूने काही चावू नका."

त्याने मान हलवली. मग किंचित हसला, पण या वेळी डोळे हसले नाहीत.

"नाही चावणार," तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

आत्या आत आली ती कपाळावर हात मारूनच. "अगं बये! तो तुला आयुष्याचं विचारत होता!"

"तो नोकरीचं विचारत होता."

"हो, आणि मी विमानाचं!"

*

मधला महिना मौनीने कसा काढला ते तिचं तिला माहीत. जहाज या वेळी पश्चिमेकडच्या लांबच्या सफरीवर गेलं होतं. कप्तानाचा स्वतःचा नंबर तिच्याकडे नव्हता. तिने मागितला नव्हता, त्याने दिला नव्हता. दोघंही आपापल्या जागी शूर, पण या बाबतीत एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा.

दाढेची टोपी तयार होऊन आली. सोबत त्याच्या दातांचा प्लास्टरचा साचाही परत आला. पेशंट संपले की मौनी तो समोर ठेवायची आणि सराव करायची.

"हे बघा, त्या दिवशी मला म्हणायचं होतं की…"

प्लास्टरचे दात निमूटपणे ऐकून घ्यायचे. त्यांच्यासमोर ती इतकं सुंदर बोलायची की बाहेर आत्या पदर डोळ्यांना लावायची.

शेवटी एजंटचा फोन आला. "कॅप्टन मंगळवारी येतायत. निरोप आहे, बरोबर चार वाजता पोचतो. जहाज सहाला सुटणार. या हंगामातलं शेवटचं."

मंगळवारी मौनीने चारनंतरचे सगळे पेशंट पुढे ढकलले. निळा कुर्ता घातला. सगळं सामान ट्रेमध्ये ओळीने मांडलं. पावणेचारपासून आत्या खिडकीत उभी.

चार वाजले. सव्वाचार झाले. जिन्यावर पावलं वाजली, ती वरच्या मजल्यावर निघून गेली. मौनीने ट्रेमधलं सामान पुन्हा मांडलं. चार पंचवीस. एजंटचा फोन सारखा व्यस्त. जहाज बंदरात असलं की हा माणूस एकाच वेळी दहा जणांशी बोलतो.

"येईल गं," आत्या म्हणाली, पण तिच्या आवाजात दम नव्हता.

साडेचार वाजले आणि मौनी खुर्चीच्या कडेवर बसली, जिथे पेशंट बसतात तिथे. सहाला जहाज सुटणार म्हणजे पाचला कप्तान जहाजावर हवा. हे त्यानेच सांगितलेलं. म्हणजे आता तो येणं शक्यच नव्हतं. आलाच नाही तो. कशाला येईल? माणसाने एवढं मन उघडं करून विचारलं आणि आपण त्याला चावू नका म्हणून सांगितलं. त्याने नाही लिहून दिलं असेल. दोन तासांत ते जहाज वळेल, लहान होत जाईल आणि संपेल. तिला रडू आलं. अगदी खरं रडू, नाक लाल करणारं.

मग ती उठली. "आत्या, मी बंदरावर जाते."

"अगं, तुला आत कोण सोडणार?"

"नको सोडू देत. फाटकातून ओरडेन."

"तू? ओरडणार?" आत्याने विचारलं, पण तोवर मौनी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पोचली होती. एप्रन तसाच अंगावर.

टॅक्सी समुद्राकाठच्या रस्त्याने निघाली. प्रत्येक सिग्नल लाल. मौनी ओठ हलवत पाठ करत होती, होय लिहा, होय लिहा. टॅक्सीवाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

बंदराच्या फाटकाशी ती उतरली तेव्हा पाच वाजायला पाच मिनिटं होती. आणि जहाज तिथेच होतं! पांढरं, प्रचंड, सगळ्या दोऱ्या बांधलेलं, निवांत. तिचा श्वास जरा जागेवर आला.

फाटकाशेजारी पहारेकऱ्याची छोटी खोली होती. पहारेकरी मिशीवाला, पोक्त आणि नियमाचा पक्का.

"पास?"

"पास नाही. मला कॅप्टनना भेटायचंय. मी त्यांची… दातांची डॉक्टर आहे. अर्जंट आहे."

"दाताचं काय एवढं अर्जंट?"

"त्यांची टोपी राहिलीये."

"टोपी तर डोक्यावर होती साहेबांच्या," पहारेकरी म्हणाला. "आत्ता वीस मिनिटांपूर्वी इथूनच बाहेर पडले. लई घाईत. म्हणाले, चारला दाताच्या डॉक्टरकडे पोचायचंय."

"चारला? अहो, आता पाच वाजतायत!"

"गावात पाच," पहारेकरी शांतपणे म्हणाला आणि मागच्या फळ्याकडे बोट केलं. फळ्यावर खडूने लिहिलं होतं: जहाजाची वेळ गावापेक्षा एक तास मागे. प्रवाशांनी नोंद घ्यावी. "पश्चिमेकडून आलंय ना या खेपेला. तिकडची घड्याळं एक तास मागे. एका दिवसासाठी हलवत नाहीत ते. सहाला सुटणार म्हणजे आपल्या सातला."

मौनी फळ्याकडे बघत राहिली. रोज दोन हजार माणसांना घड्याळाचा धडा देणारा हा माणूस! आधीच्या तिन्ही खेपांना दोन्ही घड्याळं सारखीच होती, म्हणून काही बिघडलं नाही. आणि या वेळी पठ्ठ्याने निरोप धाडला, चार वाजता येतो. कुणाचे चार, ते सांगायचं त्याला सुचलंच नाही.

तिने दवाखान्यात फोन लावला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आत्या फोनवर अशी कडाडली की पहारेकऱ्यालाही ऐकू गेलं. "इथे खुर्चीत बसलाय तो! आ करून! मी म्हटलं, डॉक्टर नाहीत, तर म्हणतो, पण मी तर दोन मिनिटं लवकर आलोय!"

मौनीचा जीव भांड्यात पडला. ती पहारेकऱ्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता पुन्हा रडायला लागली. पहारेकऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि पासाचा विषय पुन्हा काढला नाही.

"आत्या, तू तो ट्रे आहे तसा डब्यात भर," ती डोळे पुसत म्हणाली. "टोपी, सिमेंट, कापूस, हातमोजे, सगळं. त्यांना घेऊन इकडे ये. मी परत आले तर त्यांना उशीर होईल. त्यांना जायचं तर याच फाटकातून आहे."

*

साडेपाचला टॅक्सी आली. आधी आत्या उतरली, डबा छातीशी धरून. मागून कप्तान. चेहरा पडलेला.

"मी रोज दोन हजार लोकांना सांगतो…" त्याने सुरुवात केली.

"माहितीये," मौनी म्हणाली. "बसा."

पहारेकऱ्याच्या खोलीत एक खुर्ची, एक टेबल आणि एक पंखा. कप्तान खुर्चीवर बसला, मान मागे भिंतीला टेकवली. पहारेकऱ्याने आपली टॉर्च धरली, अगदी हात न हलवता. मौनीने तात्पुरतं आवरण काढलं, दाढ पुसून कोरडी केली, सिमेंट कालवलं आणि टोपी बसवली. मग वर कापसाची गुंडाळी ठेवली.

"घट्ट चावून धरा. चार मिनिटं. बोलायचं नाही, हलायचं नाही. सिमेंट आहे, हललात तर टोपी वाकडी बसेल."

कप्तानाने मान हलवली.

"चला हो," आत्याने पहारेकऱ्याची बाही ओढली. "मला जहाज दाखवा."

"इथूनच दिसतंय की, बाई."

"मला बाहेरून बघायचंय!"

दार लोटलं गेलं. पंखा तेवढा फिरत होता. मौनीने त्याच्याकडे पाहिलं. आली, पुन्हा दातखिळी आली… तेवढ्यात तिला त्याच्या दातांमधला कापूस दिसला. हा माणूस चार मिनिटं बोलू शकत नव्हता. तिला एकदम मोकळं वाटलं.

"मागच्या वेळी तुम्ही विचारलंत ना," ती म्हणाली, "तेव्हा मला ते म्हणायचं नव्हतं. चावण्याचं. मला म्हणायचं होतं, होय लिहा. महिनाभर मी तुमच्या प्लास्टरच्या दातांशी बोलतेय. त्यांना सगळं माहितीये. त्यांना हेही माहितीये की माप मला दुसऱ्याच खेपेला घेता आलं असतं. मी मुद्दाम पुढे ढकललं. तुम्ही आणखी एकदा यावं म्हणून. असं करू नये डॉक्टरने, पण केलं. आज साडेचार वाजले आणि तुम्ही आला नाहीत, तेव्हा मला कळलं की मला तुमच्याशिवाय… म्हणजे, मला समुद्रावर येता येत नाही हो, खरंच पोटात ढवळतं, पण तुम्ही जर किनाऱ्यावर आलात, तर मी रोज…"

कप्तानाने डावा हात वर केला.

ती तिथेच थांबली. घाबरली. "दुखतंय? काय होतंय? उंच लागतेय का?"

त्याने मान हलवली. नाही. हात मात्र खाली घेतला नाही. तसाच तिच्यासमोर धरून ठेवला, पंजा उघडा. मुळं साफ करताना ज्याने एकदाही हात वर केला नाही तो माणूस. त्याचे डोळे हसत होते आणि ओलेही झाले होते. मौनीने हातमोजा काढला आणि तो हात हातात घेतला. ऊबदार होता. चार मिनिटं कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही.

दारावर टकटक झाली. "मौनी, सिमेंट वाळलं असेल गं. की भिंत बांधताय?"

मौनीने कापूस काढला. आता त्याचं तोंड मोकळं होतं. तो तिच्याकडे बघत होता, वाट बघत होता, अगदी त्या दिवशीसारखा.

"होय लिही," ती म्हणाली. स्पष्ट. कापूस नसताना.

त्याने असा निःश्वास सोडला, जसा पहिल्या दिवशी दाढ दुखायची थांबल्यावर सोडला होता. "मापाचं मला माहीत होतं," तो म्हणाला. "जहाजावरच्या डॉक्टरने सांगितलं, माप तर दुसऱ्याच खेपेला घेतात. एवढं त्याच्या हद्दीत येत होतं म्हणे. म्हणून तर मला विचारायचा धीर झाला. मग तू म्हणालीस, चावू नका…"

"मी काहीही म्हणते. तोंड मोकळं असलं समोरच्याचं की."

"आता तर चावायचं नाव नाही काढलंस."

"नाही काढलं," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

खिशातून त्याने चार घड्या घातलेला कागद काढला. नाव, हुद्दा, वर्षं, सगळं आधीच भरलेलं. फक्त शेवटचा रकाना कोरा. पहारेकऱ्याच्या टेबलावर, त्याच्याच पेनाने, त्याने होय लिहिलं. मोठ्या अक्षरात. मौनीने पेन घेऊन खाली दोन रेघा मारल्या.

"अहो, सरकारी कागद आहे तो," दारातून पहारेकरी म्हणाला, पण कागद त्यानेच उचलला आणि समोरच्या बंदर कचेरीत द्यायला स्वतः घेऊन गेला.

"ही सफर पूर्ण करून द्यावी लागेल," कप्तान म्हणाला. "सहा आठवडे. मग मी इथे. या वेळी माझा नंबर लिहून घे. एजंटचा नको."

आत्याने पर्समधून वही काढलीच होती. नंबर लिहून झाला. कंसातला बँडमास्तर तिने खोडला, मग जरा विचार केला आणि पुन्हा लिहिला.

फाटकापर्यंत मौनी त्याच्यासोबत गेली. समुद्रावरून वारा येत होता आणि तिचा एप्रन फडफडत होता. जहाजाच्या काचा उतरत्या उन्हात चमकत होत्या. चार पावलं पुढे जाऊन तो वळला.

"डॉक्टर… त्या बाजूने आता चावलं तर चालेल?"

"चोवीस तासांनी."

"कुणाच्या घड्याळाने?"

मौनीची दातखिळी बसली नाही. फाटकाच्या गजांना दोन्ही हातांनी धरून, पहारेकऱ्याला, आत्याला आणि अर्ध्या बंदराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती ओरडली.

"माझ्या!"